न तुडवलेल्या भूमीचा नकाशा

जेथे गाडीवाट नाही आणि दाट झाडीत साखळी टाकावयास जागाही नाही, त्या प्रदेशाचा नकाशा कसा तयार होतो? या प्रश्नाचे उत्तर बंगळूरच्या माळावर सापडते. टिपूच्या पाडावानंतर, 1800 साली, विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने तेथे सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. साधन होते 100 फूट लांबीची पोलादी साखळी. पोलाद उन्हाने वाढते. म्हणून अशा मोजणीत साखळी लाकडी पेट्यांत सरळ ताणीत, तिच्यावर सावली धरीत आणि उष्णतामापक पाहून लांबीत दुरुस्ती करीत.

एका रेषेसाठी एवढे कष्ट का? त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांवरील दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. रेषेच्या टोकांवरून दूरच्या शिखरावरील निशाण थिओडोलाइट या कोनमापक यंत्रातून पाहावयाचे. अशी निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. मधल्या दऱ्या, नद्या, अरण्ये साखळीला नव्हे, दृष्टीला ओलांडावयाची असतात. त्रिकोणांची ही चौकट पक्की झाली, म्हणजे तिच्या आत ओढे, टेकड्या, गावे यथास्थान बसविता येतात.

1802 साली मद्रासेस नवी आधाररेषा मोजून त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे निघाली. 1804 साली बंगळुरास पडताळ्यासाठी पुन्हा रेषा मोजली गेली. गणिताची लांबी आणि साखळीची लांबी यांत केवळ काही इंचांचे अंतर पडले. माळ मंगळुराकडील किनाऱ्यास भिडली, तेव्हा द्वीपकल्प जुन्या नकाशांपेक्षा सुमारे 40 मैलांनी अरुंद ठरले.

या अचूकतेचे मोल माणसांनी दिले. सुमारे अर्धा टन वजनाचे यंत्र डोंगरमाथ्यावर चढवावे लागे. दृष्टीआड येणारी झाडे तोडावी लागत. कृष्णा-गोदावरीमधील अरण्यात जॉर्ज एव्हरेस्ट आणि त्याचे पथक तापाने अंथरुणास खिळले. लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच वारला. त्याची कबर तेथेच आहे.

आज उपग्रह क्षणात स्थान सांगतात. तथापि ओढ्याचे नाव काय, पायवाट पावसाळ्यात चालते की नाही, हे विचारावयास मोजणीदाराला अजून पायीच जावे लागते. आणि शिखरावर निशाण धरून रात्री काढणारे खलाशी नसते, तर त्या पहिल्या चौकटीतील एकही बिंदू कागदावर उतरला नसता.