विनानिविदा खरेदी : नियम आणि अपवाद

सार्वजनिक पैशातून होणारी खरेदी निविदा मागवूनच व्हावी, हा सर्वमान्य दंडक आहे. तरीही काही वेळा काम थेट एकाच पुरवठादाराकडे सोपविले जाते. आमच्या रुग्णालयातही असे प्रसंग आले. त्याविषयी देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक विचारणा करतात, म्हणून हे निवेदन.

मेरठ नगर निगम प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले की, शासकीय कंत्राटे सामान्यतः जाहीर लिलाव अथवा निविदेद्वारेच द्यावीत. नैसर्गिक आपत्ती वा आणीबाणीसारख्या विरळा प्रसंगीच अपवाद करता येईल. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १६६ मध्ये एकाच पुरवठादाराकडून खरेदीचे तीन प्रसंग दिले आहेत : उत्पादक एकच असणे, तातडीची निकड, आणि असलेल्या यंत्राशी जुळणारेच यंत्र वा सुटा भाग लागणे. निकडीच्या खरेदीतही कारण लेखी नोंदवून सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते.

निकड म्हणजे मोकळीक नव्हे. कोविडकाळात ब्रिटिश शासनाने मंत्री, खासदार आदींच्या शिफारशीने आलेल्या पुरवठादारांसाठी संरक्षक साहित्याच्या खरेदीत वेगळा अग्रक्रम ठेवला होता. तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो बेकायदेशीर ठरविला.

शासकीय खरेदीचे हे नियम आमच्या संस्थेस थेट लागू नाहीत. पैसा मात्र लोकांचाच आहे. एप्रिल २०२१ मध्ये आम्ही दरपत्रकांची वाट न पाहता, मिळेल तेथून प्राणवायूचे सिलिंडर घेतले. रुग्ण खाटेवर असताना तुलनात्मक तक्ता करणे शक्य नव्हते. तो निर्णय योग्यच होता. परंतु लाट ओसरल्यावरही तोच पुरवठादार व तोच दर काही महिने चालू राहिला, ही आमची चूक होय. पुढे तीन दरपत्रके मागविली, तेव्हा कमी दर मिळाला. फरकाची रक्कम निर्धन रुग्णांच्या औषधोपचारास उपयोगी पडली असती.

तेव्हापासून प्रत्येक विनानिविदा खरेदीचे कारण त्याच दिवशी नोंदवहीत लिहिले जाते, तिची मुदत ठरविली जाते आणि विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेत ती मंजुरीसाठी ठेवली जाते. मुदत संपताच दरपत्रके मागविणे बंधनकारक आहे. ही नोंदवही कार्यालयीन वेळेत कोणाही देणगीदारास पाहता येईल. आपण ती अवश्य पाहावी, ही विनंती.