काचेच्या नळीत पहिला, यकृतात नापास

कराडच्या एका वाचकांनी मोबाइलवर फिरणारी एक बातमी पाठवली आहे. चुंबकीय नॅनोकण रक्तात सोडायचे, ते कर्करोगाची गाठ शोधून काढणार आणि एमआरआयमध्ये ती लख्ख दिसणार, असा तिचा मथितार्थ. खाली त्यांचा प्रश्न: हे आपल्याकडे कधी येणार?

खरं सांगायचं तर असे कण येऊन गेलेसुद्धा. लोहाच्या नॅनोकणांचं ‘फेरिडेक्स’ १९९६ मध्ये यकृताच्या एमआरआयसाठी अमेरिकेत मंजूर झालं, आणि २००८ मध्ये उत्पादकानेच ते बंद केलं. बातमी खोटी नसते. ती ज्या चाचणीवर उभी असते ती सगळ्यांत सोपी चाचणी असते, एवढंच.

एमआरआयमध्ये दिसतं ते मुख्यतः पाणी. पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं मोठ्या चुंबकात रेडिओलहरींचा ठोका मिळाला की एका तालात फिरू लागतात. गणपतीतलं ढोलपथक आठवा. सगळे ढोल एका ठेक्यात पडतात तेव्हा छातीत धडधडतं. हाच एमआरआयचा सिग्नल. आता पथकात मधोमध एखादा गडी भलताच ठेका धरून उभा राहिला, तर त्याच्या आजूबाजूचे वादक चुकू लागतात. हात सगळ्यांचे चालू असतात, दमलेलं कुणी नसतं, तरी नाद विरतो. लोहाचा नॅनोकण नेमकं हेच करतो. त्याच्या इवल्याशा चुंबकक्षेत्रामुळे भोवतालच्या पाण्याचा ताल बिघडतो आणि चित्रात तिथे काळा डाग पडतो. तंत्रज्ञ याला टी-टू परिणाम म्हणतात. हल्ली कॉन्ट्रास्ट म्हणून, म्हणजे चित्रातला फरक उठून दिसावा म्हणून, सर्रास टोचलं जाणारं गॅडोलिनियम प्रामुख्याने दुसरं काम करतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते वादकांना लवकर ताजंतवानं करतं, त्यामुळे पुढचा ठोका दणक्यात पडतो आणि ती जागा पांढरी दिसते. हा टी-वन. रेडिओलॉजिस्टला पांढरं आवडतं, कारण काळा डाग हवेमुळे, जुन्या रक्तस्रावामुळे किंवा कॅल्शियममुळेही पडू शकतो.

मग लोहाच्या मागे लागायचं कशाला? गॅडोलिनियम मोकळं झालं तर विषारी असतं, म्हणून ते रेणूच्या चिमट्यात पकडून देतात. मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी ते दिल्यानंतर घट्ट, कडक होत जाते, हा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. एमआरआय सेंटरमध्ये क्रिएटिनीनचा रिपोर्ट मागतात तो यामुळेच. लोहाची मात्र शरीराला ओळख असते. त्याची साठवण आणि वापर यांची व्यवस्था तयारच आहे.

एमआरआयचा इतिहास सांगताना पॉल लॉटरबर यांचं नाव येतं, आणि यायलाच हवं. १९७३ च्या त्यांच्या ‘नेचर’मधल्या लेखात पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची चित्रं आहेत. त्याच लेखातल्या एका प्रयोगात एका नळीत शुद्ध पाणी आणि दुसरीत किंचित मँगनीज सल्फेट घातलेलं पाणी होतं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. म्हणजे कॉन्ट्रास्टची कल्पना एमआरआयच्या जन्मातच आहे. (अननसाच्या रसात मँगनीज भरपूर असतं. पित्तनलिकेच्या एमआरआयआधी तो पाजला तर जठरातलं पाणी चित्रातून पुसलं जातं. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी यावर रीतसर शोधनिबंध लिहिला. एवढं स्वस्त आणि चविष्ट कॉन्ट्रास्ट दुसरं नसावं.)

पण ती कल्पना नळीतून जिवंत शरीरात गेली ती १९७८ च्या सुमारास. हृदयाची रक्तवाहिनी बांधलेल्या कुत्र्यांना मँगनीजचा क्षार दिला, तेव्हा रक्त पोचणारा आणि न पोचणारा स्नायू वेगळा ओळखता आला. या कामात लॉटरबर यांच्याबरोबर मारिया हेलेना मेंदोन्सा दियस होत्या. चुंबकीय कणांनी यकृत आणि प्लीहा यांचं चित्र बदलता येतं, हे १९८६ मध्ये मांडणाऱ्या छोट्या निबंधावरही पहिलं नाव त्यांचंच आहे. आज नॅनोकणांवरचे शोधनिबंध ढिगाने निघतात. त्यांच्या प्रस्तावनांत हे नाव शोधायला भिंग लागतं. २००३ चं नोबेल प्रतिमा तयार करण्याच्या पद्धतीला मिळालं हे योग्यच, पण या उपशाखेने तरी आपली पूर्वज विसरू नये.

नुसते लोहकण द्रवात टाकले की एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, म्हणून त्यांना आवरण लागतं. फेरिडेक्सचं आवरण होतं डेक्स्ट्रानचं. कराडकरांना ही वस्तू अपरिचित असायचं कारण नाही. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, गाळपाला उशीर झाला, की ल्युकोनॉस्टॉक नावाचे जीवाणू त्यातल्या साखरेचं बुळबुळीत डेक्स्ट्रान करतात. रस घट्ट होतो, साखरेचा दाणा लांबुडका होतो, उतारा घसरतो. स्वीडनमध्ये हाच उपद्रव बीटच्या साखरेला होत होता. त्याचा छडा लावताना उप्साला विद्यापीठातल्या ग्रोनवाल आणि इंगेलमन यांच्या ध्यानात आलं, की या चिकट पदार्थाचे तुकडे केले तर रक्तस्राव झालेल्याला तो शिरेतून देता येईल. १९४० च्या दशकात तो रक्तद्रवाला पर्याय म्हणून वापरात आला, आणि तिथून लोहकणांच्या अंगावर. कारखान्याच्या केमिस्टला जे नकोसं, ते औषधवाल्यांनी विकत घेतलं.

आता बातमीमागची चाचणी. पाच-सहा नळ्यांत लोहाचं प्रमाण चढत्या क्रमाने ठेवायचं. कण तळाशी बसू नयेत म्हणून बरेचदा द्रावणाऐवजी अगारची जेली. नळ्या एमआरआय यंत्रात ठेवून प्रत्येकीचा टी-टू, म्हणजे नाद विरायला लागणारा वेळ, मोजायचा, त्याचा व्यस्त लोहाच्या प्रमाणासमोर आलेखावर मांडायचा. सरळ रेषा येते. तिचा चढ म्हणजे कणाची रिलॅक्सिव्हिटी. चढ जितका उभा तितका कण तगडा. दुपारभरात उरकणारं, देखणं काम आहे. पण यंत्र किती टेस्लाचं? उंदरांसाठीची यंत्रं ७ किंवा ९.४ टेस्लाची असतात, हॉस्पिटलातली बहुतेक १.५ किंवा ३ ची, आणि चुंबक बदलला की आकडाही बदलतो. कण पाण्यात होते की रक्तद्रवात? पेशीने गिळल्यावर ते आत गुच्छ करून राहतात, तेव्हा आकडा आणखी वेगळा. ‘प्रचलित औषधापेक्षा अमुक पट सरस’ असं वाचलं की मी आधी तुलना कशाशी आणि कुठे केली ते पाहतो. निम्म्या वेळा उत्साह तिथेच ओसरतो.

रक्तात शिरलेल्या कणावर काही मिनिटांत प्रथिनांचा थर बसतो. गाठ ओळखण्यासाठी त्याच्यावर लावलेला नेमका रेणूही त्याखाली झाकला जाऊ शकतो. मग येतं यकृत. तिथल्या कुप्फर पेशी परका कण दिसला की गिळतात, कण जितका मोठा तितका चटकन. फेरिडेक्सने याचाच फायदा घेतला होता. निरोगी यकृत लोह गिळून काळं पडे. दुसरीकडून पसरलेल्या गाठीत कुप्फर पेशी नसल्यामुळे ती तशीच उजळ राही. कण गाठीत जातच नव्हता, गाठ सोडून सगळीकडे जात होता, आणि त्यावरून गाठ कळत होती! पण सलाइनमधून अर्धा तास देण्याची कटकट, आणि काहींना त्या वेळी कंबर-पाठ दुखायची.

त्याहून बारीक, सुमारे ३० नॅनोमीटरचे कण यकृताला चुकवून लसिकाग्रंथींपर्यंत पोचतात. ‘कॉम्बिडेक्स’ हे असं औषध. २००३ मध्ये मुकेश हरिसिंघानी, येले बॅरेन्त्स आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या ८० पुरुषांवरचा अभ्यास छापला. कर्करोग शिरलेल्या ग्रंथी साध्या एमआरआयने ३५.४ टक्के पकडल्या, कण दिल्यावर ९०.५ टक्के. यातल्या बहुतेक ग्रंथी आकाराने नेहमीसारख्याच होत्या, म्हणजे एरवी कुणाच्या नजरेतही आल्या नसत्या. इतका चांगला निकाल, तरी मार्च २००५ मध्ये अमेरिकेतल्या औषध नियामकांच्या सल्लागार समितीने व्यापक वापराला कौल दिला नाही, आणि २००७ मध्ये युरोपातला अर्जही मागे घेतला गेला. एका अभ्यासातली चमक सगळ्या हॉस्पिटलांत, सगळ्या डॉक्टरांच्या हातात टिकेल का, हा प्रश्न नियामकांनी विचारायलाच हवा होता. तरी या औषधाबद्दल मला हळहळ वाटते. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या डॉक्टरांनी पुढे ते पुन्हा वापरात आणलं, यावरून त्यात जीव होता हे दिसतं.

आणि थेट गाठीत जाणारे कण? टोरोंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये त्याआधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचलेल्या वाट्याचा मध्यक निघाला ०.७ टक्के. मोजण्याच्या पद्धतीवर वाद झाले, पण हिशेब फार गोड होत नाही. शिवाय हे प्राण्यांमधलं. उंदरात काही आठवड्यांत वाढवलेली गाठ आणि माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं मुरलेली गाठ यांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात.

या घराण्यातला टिकून राहिलेला गडी वेगळ्याच दाराने आला. फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचं औषध २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते मूत्रपिंडाच्या रुग्णांतला रक्तक्षय भरून काढायला. ते रक्तात बराच वेळ फिरत राहतं, म्हणून गॅडोलिनियम चालत नाही अशा रुग्णांत काही रेडिओलॉजिस्ट ते एमआरआयसाठीही देऊ लागले. तीव्र अ‍ॅलर्जीच्या काही घटनांनंतर २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा आला, त्यामुळे ते हळू आणि देखरेखीखालीच द्यावं लागतं. त्याच्या माहितीपत्रकात धोक्याच्या सूचनांमध्ये आणखी एक कलम आहे: हे औषध घेतल्यावर तीन महिन्यांपर्यंत एमआरआयची चित्रं बदललेली दिसू शकतात, म्हणून एमआरआय करायचा असेल तर आधी करून घ्यावा.