पडद्यावरचे रुग्णालय

आषाढ लागला म्हणजे मावळात पावसाची झड लागते. लोणावळ्याचे डोंगर धुक्यात बुडून जातात व मैदाने चिखलाने भरतात. अशा वेळी घरात अडकलेली मुले व्हिडिओ गेम खेळून मन रमवितात.

‘बॅटमॅन : अर्खम असायलम’ हा असाच एक खेळ २००९ साली निघाला. त्यातील मनोरुग्णालय एका बेटावर आहे. तेथे अंधारे बोळ, लोखंडी कोठड्या आणि त्यांत डांबलेले क्रूर गुन्हेगार दिसतात. काही भयकारी खेळांत तर विजेचा उपचार हा छळाचाच एक प्रकार म्हणून दाखविला जातो. खेळात थरार हवा, म्हणून निर्माते अशी योजना करतात. परंतु ज्याने खरे मनोरुग्णालय कधी पाहिलेले नाही, त्याच्या मनावर हेच चित्र ठसते.

वस्तुस्थिती निराळी आहे. विजेचा उपचार १९३८ साली रोम येथे प्रथम करण्यात आला. आरंभी तो भूल न देताच करीत. तेव्हा त्याची धास्ती अगदीच निराधार नव्हती. आज मात्र भूल देऊन व स्नायू सैल करणारे औषध देऊनच तो करतात. काही रुग्णांना त्यानंतर थोडे विस्मरण होते. तथापि तीव्र नैराश्यात तो गुणकारी ठरतो. भुलीवाचून हा उपचार करण्यास आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास भारतात २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. शिवाय बहुसंख्य रुग्णांना विजेचा उपचार लागतच नाही. औषधे व तज्ज्ञांशी संवाद यांनीच त्यांना आराम पडतो. मनोरुग्ण म्हणजे गुन्हेगार, हे तर मुळीच खरे नव्हे.

हा गैरसमज केवळ खेळांनी निर्माण केला, असे नाही. पुण्यास येरवड्याला शासनाचे मनोरुग्णालय आहे. त्यावरून, कोणी जरा विचित्र वागला की, “याला येरवड्याला पाठवा,” अशी थट्टा करण्याची खोड फार जुनी आहे. त्या थट्टेला आता पडद्यावरील भीतीची जोड मिळाली. याचा परिणाम काय होतो? हात मोडला तर माणूस तत्काळ लोकलने पुणे गाठतो. मन आजारी पडले तर मात्र लोकलज्जेस्तव ते लपवितो आणि दुखणे बळावते.

खेळ समजूतही वाढवू शकतात. २०१७ साली निघालेल्या ‘हेलब्लेड’ या खेळाच्या नायिकेला नसलेले आवाज ऐकू येतात. केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि असे आवाज स्वतः ऐकलेली माणसे यांच्या साहाय्याने तो रचण्यात आला. त्यात रुग्ण हा शत्रू नसून दुःखाशी झुंजणारा माणूस आहे.

मन अस्वस्थ असेल तर घरच्या वडीलधाऱ्यांशी अथवा शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही साहाय्य मिळते. तापावर औषध घेण्यात जशी लाज नाही, तशीच मनाच्या आजारावर उपचार घेण्यातही नाही.