एमएच-०८ची गाडी आणि कोकणची हवा

केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. मुंबई-पुण्यापासून सांगली-कोल्हापूरपर्यंत महाराष्ट्रातली १९ शहरे त्यात आली. आपले एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी, आले नाही. समुद्राचा वारा आणि मोठा पाऊस आपल्याला सांभाळून घेतात. पण यादीत नाव नसले की त्या कार्यक्रमाचा निधीही नाही आणि शहरासाठी आराखडाही नाही. गाडीच्या धुराचे नियम मात्र मुंबईला तेच आपल्यालाही. म्हणून ते गाडीवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवेत.

पीयूसीत काय तपासतात?

पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी. पेट्रोल गाडी सुरू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, मग धूर किती दाट आहे ते यंत्र सांगते. इंजिन गरम असेल आणि एअर फिल्टर साफ असेल, तर निकाल खरा येतो.

या चाचणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत, फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कणही वेगळे मोजत नाहीत. त्यामुळे पीयूसी मिळाली म्हणजे गाडी स्वच्छ, असे समजू नये. ती किमान अट आहे. गाडी न नेता प्रमाणपत्र 'काढून आणणे' हा तर स्वतःच्याच गावावर केलेला अन्याय आहे.

मुदत आणि दंड

नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना दरवर्षी, त्याहून जुन्यांना दर सहा महिन्यांनी. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वैध पीयूसी नसल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही शिक्षा आहेत.

पंधरा वर्षे झाल्यावर

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. आरटीओत तपासणी करून ती पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते; सोबत राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. सरकारी गाड्यांना ही सवलत नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी वाढवली जात नाही. एसटीच्या गाड्याही त्यात आल्या, आणि ज्या गावाला दिवसाला दोनच फेऱ्या आहेत तिथे जुनी गाडी गेल्यावर नवी वेळेवर येणे फार महत्त्वाचे. एसटी चुकली की माणूस दुचाकी घेतो किंवा वडापने जातो.

घाट, धूळ आणि रूळ

आपल्या जिल्ह्यात खरा प्रश्न महामार्गावर आहे. भोस्ते आणि परशुराम घाटात भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये चढतो, तेव्हा डिझेल जास्त जळते. त्यात मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रेंगाळले. खोदलेल्या भागातली धूळ कोणत्याही पीयूसी केंद्रावर मोजली जात नाही. तिथे पाणी मारणे हे ठेकेदाराचे काम आहे आणि ते करून घेणे प्रशासनाचे.

घाटातल्या ट्रकच्या धुरावरचा उत्तम उपाय कोकणातच सापडला आहे. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ला कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक रॅम्पवरून थेट वाघिणीवर चढतो आणि इंजिन बंद ठेवून गोव्याला पोहोचतो. २०२२ मध्ये रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले, त्यामुळे रेल्वेचे डिझेलही वाचू लागले.

ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, अशीच सेवा मोटारींसाठी निघाली. कोलाड आणि वेर्णादरम्यान थांबा मिळाला तो सिंधुदुर्गातल्या नांदगावला. खेड, चिपळूण, रत्नागिरीच्या चाकरमान्यांना गाडी घेऊन रस्त्यानेच यावे लागले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तरी स्थानकावर मोटारी उतरवण्याचा रॅम्प हवा आणि त्यासाठी आमदार-खासदारांनी रेल्वेकडे धरणे धरले तरी चालेल.