थट्टेचें शास्त्र आणि थट्टेची मर्यादा

विडंबन करणें हें स्तुति करण्याहून कठीण आहे. ज्याची नक्कल करावयाची त्याचें बोलणें, रुसणें, फुशारक्या व सबबी हें सारें पुरतें ठाऊक असल्यावांचून नक्कल वठत नाहीं. घरांतील नातवानें आजोबांची नक्कल केली तर आजोबाहि हंसतात. तीच एखाद्या तिऱ्हाइतानें केली तर सारें माजघर गंभीर होतें. हल्लीं तरुण मंडळी मोबाइलवर ‘मीम’ नांवाचीं चित्रें पाहून खुदखुदतात, तेव्हां वडील माणसांस तो निव्वळ पोरकटपणा वाटतो. परंतु त्या पोरकटपणासहि एक शास्त्र आहे आणि एक मर्यादाहि आहे. तीं दोन्ही पाहावयाचीं असतील तर कोलकात्याच्या फुटबॉल-वेड्यांसारखें उदाहरण दुसरीकडे क्वचितच सांपडेल.

तेथील दोन थोर संघ म्हणजे मोहन बागान व ईस्ट बेंगाल. पहिला १८८९ सालचा. २९ जुलै १९११ रोजीं त्यानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीस २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तीहि बहुतेक खेळाडू अनवाणी असतां. दुसरा संघ १ ऑगस्ट १९२० रोजीं स्थापन झाला. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, पूर्व बंगालचे ते ‘बांगाल’. घोटी मोहन बागानचे व बांगाल ईस्ट बेंगालचे, अशी ढोबळ वांटणी आहे. फाळणीनंतर पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले. घरदार व शेतीवाडी टाकून आलेल्या त्या लोकांस हा संघ म्हणजे आपलें हरवलेलें गांवच वाटूं लागला. ईस्ट बेंगाल जिंकल्यास हिलसा मासा आणि मोहन बागान जिंकल्यास कोळंबी, असा जेवणाचाहि नेम ठरून गेला. आमच्या शाकाहारी वाचकांनीं नाक मुरडूं नये. बंगाल्यांत ब्राह्मणांच्या पानांतहि मासा असतो.

समाजमाध्यमांवरील विडंबनाचें बरेंचसें भांडवल याच शिदोरींतून येतें. सामना संपतो न संपतो तोंच एखादा मासळीबाजाराचा भावफलक रंगवून हिलशाचा भाव कवडीमोल लिहितो. दुसरा जुन्या चित्रपटांतील रडव्या प्रसंगाचें चित्र घेऊन त्यांतील पात्राच्या तोंडीं विरोधी भक्ताचें वाक्य घालतो. तिसरा चक्क मृत्युलेख लिहितो. ही तऱ्हा कांहीं नवी नव्हे. १८८२ सालीं ‘स्पोर्टिंग टाइम्स’ या पत्रानें इंग्लंडच्या क्रिकेटची मृत्युवार्ता थट्टेनें छापली होती व तींतूनच ‘ॲशेस’ हें नांव निघालें.

या सर्वांत कसबाचा प्रकार म्हणजे स्वतः विरोधी भक्ताचें सोंग घेऊन लिहिणें. नमुन्यादाखल एक आम्हीच रचून पाहतों: “आज आम्ही हरलों असें म्हणणें वस्तुस्थितीस सोडून आहे. पंच आंधळे, मैदान ओलें आणि चेंडूहि फितूर. शिवाय १९७५ सालीं आम्हीं पांच गोल केले होते, ते अजून शिल्लक आहेत.” यांतील विनोद कळण्यास इतकेंच ठाऊक पाहिजे कीं, १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट बेंगालनें मोहन बागानला ५-० असें लोळविलें होतें, आणि पुढें २०१९ च्या जानेवारींतील विजयानंतर मात्र त्यांस या प्रतिस्पर्ध्यावर पुन्हां विजय मिळण्यास १२ ऑगस्ट २०२३ चा दिवस उजाडावा लागला. वर्तमानांत हार आणि तोंडीं इतिहास, ही माणसाची जुनीच खोड येथें पकडली आहे. उलट पक्षासहि सामग्री कमी नव्हती. २०२० सालीं मोहन बागानच्या नांवापुढें ‘ए. टी. के.’ हीं भागीदाराचीं अक्षरें लागलीं, तेव्हां त्या जोडनांवावरून थट्टेस ऊत आला. बागानच्या भक्तांसहि तें नांव खुपतच होतें. अखेर २०२३ सालीं तें बदललें.

येथपर्यंत सारें गोड. परंतु थट्टा माणसाच्या करणीवरून घसरून त्याच्या नांवावर वा जन्मावर गेली कीं तिची चव बिघडते. १९९७ सालीं फेडरेशन कपाच्या उपांत्य सामन्यापूर्वीं बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनीं ईस्ट बेंगालच्या परप्रांतीय व परदेशी खेळाडूंचीं नांवें मोडून टवाळी केली. ओमोलो यांस ‘ऑम्लेट’ केलें, सोसो यांस काकडी केलें, बायचुंग भुतिया यांचेंहि नांव सोडलें नाहीं. १३ जुलै रोजीं सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखावर प्रेक्षक जमले. ईस्ट बेंगालनें ४-१ असा विजय मिळविला व त्यांतील तीन गोल एकट्या बायचुंगचे होते!

याहून विषारी थट्टा निर्वासितपणाची. ‘लोटा घेऊन आलेले’, ‘तारांचें कुंपण ओलांडून आलेले’ असे टोमणे पोस्टांतून आजहि आढळतात. लिहिणाऱ्यास तो शब्दांचा खेळ वाटतो. परंतु ज्या घरांत आजीनें रात्रींत वाडा सोडला, कुलपाची किल्ली मात्र जन्मभर जपून ठेवली, त्या घरांत तो वाचतांना कोणास हंसूं येईल? १९ जानेवारी २०२० रोजीं उभय संघांच्या सामन्यांत ईस्ट बेंगालच्या भक्तांनीं प्रचंड फलक उभारला होता. ही भूमि आम्हीं रक्त देऊन घेतली आहे, कागद देऊन नव्हे, असा त्याचा आशय होता. नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशांत वादळ उठलें होतें, त्या काळांतील तो फलक. टोमण्यास उत्तर टोमण्यानें न देतां स्वाभिमानानें दिलें गेलें.

वैर विकोपास गेल्यास काय होतें हें त्या शहरानें पाहिलें आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यांत दंगल होऊन सोळा प्रेक्षक प्राणांस मुकले. उलट, थट्टेखालीं जिव्हाळा शाबूत असल्यास काय होतें हेंहि दिसलें. २०२४ च्या ऑगस्टांत आर. जी. कर रुग्णालयांतील तरुण डॉक्टर भगिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहर संतापलें. बंदोबस्ताच्या कारणावरून १८ ऑगस्टचा ड्युरंड कपांतील सामना रद्द झाला. तरीहि दोन्ही संघांचे भक्त मैदानाबाहेर जमले व न्यायाची मागणी करूं लागले. मोहमेडन स्पोर्टिंगचेहि आले. लाल-सोनेरी व हिरवे-तांबडे झेंडे शेजारीं शेजारीं फडकले. पोलिसांची लाठी चालली तेव्हां तिनें रंग पाहिला नाहीं.

आपल्याहि घरांतील मुलें कोणत्या ना कोणत्या संघाचीं भक्त आहेत व अशा पोस्टा रचीत असतील. त्यांस मना करूं नये. इतकीं पथ्यें मात्र सांगावीं. दुसऱ्याच्या वेडाची थट्टा करावी, कुळाची करूं नये. खऱ्या माणसाच्या नांवावर खोटें वाक्य खपवूं नये. विडंबन आहे हें चित्रावरच स्पष्ट लिहावें, कारण चित्र दहा हातांतून गेल्यावर थट्टेची खूण गळून जाते आणि भोळा वाचक तीच बातमी समजतो. आणि पाठविण्यापूर्वीं एकदां मनांत विचारावें: ज्याच्यावर हें लिहिलें, तो शेजारच्या पाटावर बसला असतां मला हें मोठ्यानें वाचून दाखवितां येईल काय?