फौज उठली, वऱ्हाड गेले

पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. हिंगोलीतल्या या वस्त्यांची नावे ओळीने घेतली की अख्खी छावणी डोळ्यांपुढे उभी राहते. पायदळ कुठे, घोडी कुठे, माल कुठे विकला जायचा आणि नोकरी संपलेले शिपाई कुठे राहायचे, सगळे त्यात आले. छावणी मात्र १९०३ मध्येच उठली.

ती हैदराबाद कंटिंजंटची होती. फौज नावाला निजामाची. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. रेसिडेंट हेन्री रसेल यांनी तिची पायाभरणी केली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, युद्ध संपले, पण फौज राहिली आणि निजामाच्या डोक्यावरचे कर्ज फुगत गेले. १८५३ च्या तहात गव्हर्नर जनरल डलहौसीने या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब ताब्यात घेतले. त्या बदल्यात किमान ५,००० पायदळ, २,००० स्वार आणि ४ तोफखाने ठेवायचे ठरले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड नाही.

हिंगोलीप्रमाणेच जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर, औरंगाबाद, बोलारम अशी या फौजेची ठाणी होती. १८५७ च्या उठावात तिच्या तुकड्या जनरल ह्यू रोझबरोबर मध्य भारतात लढल्या.

पुढे रेल्वेचे जाळे पसरले. फौज गावोगाव विखरून ठेवण्याची गरज उरली नाही, आणि सरसेनापती किचनेरला तर सगळे लष्कर एकाच साच्यात हवे होते. आड येत होती ती १८५३ च्या तहातली फौज ठेवण्याची अट. वाट मोकळी केली ती ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने. व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. निजाम महबूब अली खान यांना वर्षाला २५ लाख रुपये कबूल केले. पुढच्याच वर्षी कंटिंजंट मोडली. तोफखाने बरखास्त झाले, चार रिसाल्यांचे तीन झाले, पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले आणि त्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात गेल्या.

१९२२ मध्ये या पलटणींतूनच १९वी हैदराबाद रेजिमेंट बनली. १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. पहिले परमवीरचक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे.

हिंगोलीपर्यंत पूर्ण्याहून रेल्वे आली १९१२ मध्ये. तोवर तिच्यातून ने-आण करायला इथे फौजच उरली नव्हती.