पावसाळ्यापूर्वी ट्रकचे टायर तपासा : व्यापाऱ्यांचीही जबाबदारी

रोहिण्या लागल्या की आम्ही कापडवाले सर्वप्रथम ताडपत्रीची चौकशी करतो. ट्रकवाल्याला पहिला प्रश्न भाड्याचा आणि दुसरा ताडपत्रीचा. टायर कसे आहेत, हे आम्ही कित्येक वर्षे कुणालाच विचारले नव्हते. टायर ही ट्रकमालकाची बाब, आपण भाडे दिले की विषय संपला, अशी आमची समजूत होती. ती समजूत चुकीची होती.

२०११ च्या जुलैत आमच्या गाठी घेऊन एक ट्रक भिवंडीहून माळशेज घाटाने निघाला. भाडे ठरवताना आम्ही घासाघीस करून सातशे रुपये कमी करून घेतले होते आणि त्याचे आम्हाला समाधानही वाटले होते. घाट चढून आल्यावर मुसळधार पावसात पुढची जीप एकदम थांबली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पण ट्रक थांबला नाही. तो घसरत जाऊन रस्त्याकडेच्या चारीत कलंडला. गाठी भिजल्या, ते नुकसान भरून निघाले. क्लीनरचे काम करणाऱ्या मुलाचा पाय मोडला, तो मात्र पूर्वीसारखा झाला नाही. आम्ही जागेवर पोहोचलो तेव्हा पुढच्या दोन्ही टायरांवर नक्षी म्हणून काही उरलेलेच नव्हते. त्या दिवशी आम्हाला आमचे सातशे रुपये आठवले.

त्यानंतर आम्ही टायरचे दुकानदार, पंक्चर काढणारे कारीगर आणि जुने ड्रायव्हर यांच्याकडून जे शिकलो, ते व्यापारी बांधवांसमोर ठेवत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या जिल्ह्यात एकच पाऊस नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा (२०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले) पश्चिमेला सह्याद्रीला टेकला आहे. अकोले तालुक्यातील घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर नगर शहरात सहाशेही पुरता होत नाही. भंडारदरा-राजूरकडे पाऊस दिवसेंदिवस चालतो आणि रस्ता घाटाचा. शेवगाव-पाथर्डीकडे पाऊस कमी, पण काळी माती अशी की एका सरीत चिखल चाकाला चिकटून बसतो. भिवंडीचा माल माळशेजने येतो आणि तोच माल पुढे करंजी घाट उतरून पाथर्डीला जातो. म्हणून “पावसाळ्यासाठी चांगला टायर कोणता?” या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी सांगावे लागते, गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार?

ओल्या डांबरी रस्त्यावर टायरचे काम पाणी बाजूला सारण्याचे असते. नक्षीच्या खाचांतून पाणी निघून गेले तरच रबर डांबराला भिडते. खाचा झिजल्या की पाणी टायरखाली अडकते आणि चाक पाण्याच्या थरावर तरंगते. मग ब्रेक कितीही नवे असोत, गाडी थांबत नाही. खाचांखेरीज रबराचाही प्रश्न आहे. टायर वर्षानुवर्षे उन्हात उभा राहिला की रबर कडक होते. अशा टायरची नक्षी शाबूत दिसते, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी झालेली असते. पहिल्या पावसात तर दुप्पट सावध असावे. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून साबणासारखी होते. रिकामी गाडी तर भरलेल्या गाडीपेक्षा लवकर घसरते, कारण टायर रस्त्याला दाबून धरणारे वजन नसते. माल उतरवून घाईने परतणाऱ्या पिकअपवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चिखलात काम उलटे आहे. तेथे लांब सरळ रेघांची नक्षी मातीने भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. मोठ्या, सुट्या ठोकळ्यांची नक्षी असेल तर चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते आणि चाक ओढ धरते. परंतु हेच ठोकळे ओल्या डांबरावर कमी जागेने टेकतात, आवाज करतात आणि लवकर झिजतात. आपल्या नगरात लष्कराच्या गाड्या रोज दिसतात. त्यांचे दणकट टायर पाहून काही तरुण आपल्या पिकअपला तसेच मोठ्या ठोकळ्यांचे टायर बसवतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, ते टायर माळरानासाठी आहेत. घाटाच्या ओल्या उतारावर ते आपले मित्र नाहीत.

मग करावे काय? भिवंडी-नगरसारख्या डांबरी रस्त्याच्या ट्रकला पुढे सरळ रेघांची नक्षी असावी, कारण सुकाणू आणि ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो. मागे, जेथे इंजिनाची ओढ लागते, तेथे ठोकळ्यांची किंवा मिश्र नक्षी चालते. आठवडे बाजार करणाऱ्या, अर्धा रस्ता डांबरी आणि अर्धा कच्चा अशा पिकअपला सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठी म्हणून मिळणारी मिश्र नक्षी योग्य. ती घेताना ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का ते पाहावे, कारण ओल्या डांबरावर त्या चिराच पाण्याचा पातळ थर तोडतात. आकार आणि भाराची क्षमता मात्र गाडी बनवणाऱ्याने सांगितलेलीच ठेवावी. मोठा टायर बसवला की वळताना घासतो आणि वेगाचा काटाही खोटे बोलतो.

नायलॉन की रेडियल, हा वाद जुना आहे. रेडियल महाग असतो, पण तो रस्त्यावर सपाट टेकतो, कमी तापतो आणि जास्त चालतो. नायलॉनची बाजू जाड असल्याने दगडगोट्यांच्या रस्त्यावर तो टिकून राहतो. कोणताही घ्या, पण एकाच अ‍ॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल असा संसार मांडू नका. मागच्या जोडचाकांत दोन्ही टायर सारख्या उंचीचे असावेत, नाहीतर सगळा भार एकावर येतो. त्या दोहोंच्या मध्ये अडकलेला दगड प्रत्येक फेरीत काढून टाकावा.

हवेबद्दल एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. पावसात हवा कमी केली की पकड वाढते, असे अनेकांना वाटते. कच्च्या चिखलात रुतलेली गाडी काढण्यापुरते ते ठीक आहे. पण डांबरी रस्त्यावर हवा कमी असली तर टायरचा मधला भाग उचलला जातो आणि पाणी तेथेच साठते. हवा टायर थंड असताना, गाडीवर सांगितली असेल तेवढीच भरावी.

टायर विकत घेताना त्याच्या बाजूवरील अक्षरे वाचायला शिकावे. आयएसआयची खूण पाहावी. चार आकडी तारीख पाहावी. २३२४ म्हणजे २०२४ सालातील २३ वा आठवडा. केंद्र सरकारने २०२२ साली नव्या टायरसाठी ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान कसोटी लागू केली, आणि त्यात मालवाहू गाड्यांचे टायरही आले. म्हणून नवा टायर घेताना “ही कसोटी उतरलेला आहे का?” असे दुकानदाराला विचारावे. वापरातल्या टायरच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना मिळाली की टायर संपला. आपल्या कायद्यात ट्रकसाठी नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. अमेरिकेत ट्रकच्या पुढच्या चाकांसाठी याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर खोली सक्तीची आहे. घाटाच्या रस्त्यासाठी आपणही स्वतःहून तोच नियम पाळला तर कुणी अडवणार नाही.

आता रबर चढवलेल्या टायरविषयी. त्यात वाईट काही नाही. सांगाडा शाबूत असेल आणि काम चांगल्या ठिकाणी झाले असेल तर मागच्या चाकांना तो चालतो, खर्चही वाचतो. पुढच्या चाकांना मात्र लावू नये. तेथे रबर सुटले तर सुकाणू हातातून जाते.

परंतु काही ठिकाणी झिजलेल्या टायरवर गरम पात्याने खाचा कोरून तो “चांगला” म्हणून विकतात. खाच दिसते, पण तिच्याखाली रबर उरलेले नसते. पंक्चर आणि टायरच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. या कामावरून कुणी टोमणे मारले तरी आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण ही मेहनतीची, हलाल कमाई आहे. म्हणूनच तीत खोट येऊ देऊ नये. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, हा त्यांचा सवाल प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. कोरलेला टायर म्हणजे तोच भिजलेला ढीग आहे. फरक इतकाच की, येथे ग्राहकाचे पैसेच नव्हे तर ड्रायव्हरचा जीवही जातो.

आणि आम्हा माल पाठवणाऱ्यांचे काय? भाडे इतके खाली ओढायचे की ट्रकमालकाला टायर बदलणे परवडू नये, आणि मग अपघात झाला की त्याला दोष द्यायचा, हा इन्साफ नव्हे. आता आम्ही गाठी चढवण्यापूर्वी ट्रकला एक फेरी मारतो आणि पुढच्या टायरच्या खाचेत बोट घालून पाहतो. टायर खराब असेल तर ट्रक परत करतो. टायर चांगला असेल तर पावसाळ्याचे चार महिने भाड्यात घासाघीस करत नाही. सुरुवातीला आजूबाजूचे दुकानदार हसले. आता त्यांपैकी काहीजण स्वतः वाकून पाहतात.

ट्रकमध्ये आपला माल असतो, पण पुढे बसलेले दोन जीव ही त्यांच्या घरच्यांची अमानत आहे. ताडपत्रीची काळजी करणाऱ्यांनी त्या अमानतीचीही करावी, एवढीच विनंती. अल्लाह आपल्या सर्वांच्या तिजारतीत बरकत देवो.